गेम डेव्हलपरचा पगार: तफावत नेमकी कुठे आहे?

व्हिडिओ गेमचा धंदा सिनेमापेक्षा मोठा झाला, हे आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. आणि तरीही ‘गेमिंगमध्ये पैसा नाही’ हे वाक्य तितक्याच खात्रीने ऐकू येते. हिंजवडीत नोकरी करणारी थोरली भावंडे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या धाकट्याला ते ऐकवतात. सिअ‍ॅटलमधला मुरलेला प्रोग्रामरही नवख्याला तोच सल्ला देतो. पगार हवा असेल तर बँकेच्या, क्लाउडच्या, नाहीतर जाहिरातींच्या सॉफ्टवेअरकडे जा, गेम हौसेसाठी ठेव. या सल्ल्यात तथ्य किती, तफावत असलीच तर ती कशामुळे आणि ती अटळ आहे का, यावर गेली 20-25 वर्षे वाद चालू आहे. तो आज कुठे येऊन थांबला आहे ते इथे पाहायचे आहे. आकडे सर्वांत जास्त अमेरिकेतले मिळतात म्हणून सुरुवात तिथून करू. पण या वादातला सर्वांत बोलका पुरावा मला दक्षिण कोरियात दिसतो, आणि त्याला पुढे जास्त जागा दिली आहे.

वादाची सुरुवात

पगाराची तक्रार या उद्योगाइतकीच जुनी आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अटारी कंपनीत एक प्रोग्रामर एकट्याने अख्खा गेम लिहीत असे. कल्पना, चित्रे, आवाज, कोड, सगळे त्याचे. मोबदला म्हणजे ठरावीक पगार, आणि खोक्यावर नाव नाही. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ गेममध्ये गुपचूप एक खोली बांधली. काळ्या किल्ल्याच्या भुलभुलैयात एकाच पिक्सेलचा राखाडी ठिपका दडवलेला होता. तो उचलून ठरावीक भिंतीपाशी नेला की भिंत ओलांडता येई आणि पलीकडे उभ्या ओळीत त्याचे नाव झळके. त्याचा पगार तेव्हा वर्षाला 22,000 डॉलरच्या आसपास होता. गेमच्या दहा लाखांच्या घरात प्रती खपल्या. कंपनीला खोलीचा पत्ता लागला तोवर तो नोकरी सोडून गेला होता.

त्याच सुमारास अटारीतले डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चार प्रोग्रामर विक्रीचे आकडे घेऊन कंपनीप्रमुख रे कॅसार यांच्याकडे गेले. त्यांच्या गेमचा कंपनीच्या विक्रीत मोठा वाटा होता. त्यांना श्रेय आणि विक्रीतला थोडा हिस्सा हवा होता. क्रेन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे उत्तर असे मिळाले, की उत्पादनात तुमचे महत्त्व कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगाराइतकेच आहे. चौघे बाहेर पडले आणि 1979 मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ उभी राहिली. आजच्या वादाचा गाभा त्या बैठकीत होता: गेम चालला तर वरचा पैसा कुणाचा?

दुसरे वळण नोव्हेंबर 2004 मध्ये आले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी पत्र इंटरनेटवर टाकले. सकाळी 9 ते रात्री 10, आठवड्याचे सातही दिवस काम, ओव्हरटाइम नाही, भरपाई रजा नाही. आठवड्याचे तास सुमारे 85. लेखिका एरिन हॉफमन असल्याचे पुढे उघड झाले. ठरावीक पगाराच्या वर असलेल्या कम्प्युटर व्यावसायिकांना ओव्हरटाइम देण्याचे बंधन अमेरिकी कायद्यात नाही, आणि गेममधली कलाकार व प्रोग्रामर मंडळी त्या सवलतीत बसतात का, यावर कर्मचाऱ्यांनी दावे लावले. कंपनीने 2005 मध्ये कलाकारांशी 1 कोटी 56 लाख डॉलरला आणि 2006 मध्ये प्रोग्रामरशी 1 कोटी 49 लाख डॉलरला तडजोड केली. पगाराचा प्रश्न तासांच्या हिशेबाशी कायमचा जोडला गेला तो इथे.

आकडे काय सांगतात

पहिली अडचण मोजमापाची. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाकडे ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ हा वर्ग आहे, पण गेम प्रोग्रामरचा पगार त्यात वेगळा दाखवला जात नाही. उद्योगांच्या वर्गवारीतही गेम प्रकाशक इतर सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या खात्यातच मोडतात. त्यामुळे तुलना करणाऱ्याला व्यावसायिक नियतकालिकांच्या पाहण्यांवर अवलंबून राहावे लागते, आणि तिथे उत्तर देणारे स्वतःहून आलेले असतात.

तरी एक तुलना करून पाहू. ‘गेमसूत्रा’ या गेम-उद्योगाच्या संकेतस्थळाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकी गेम प्रोग्रामरचा सरासरी पगार 93,251 डॉलर होता. सरकारी आकडेवारीत 2012 साली सगळ्या सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यक पगार 93,350 डॉलर होता. म्हणजे तफावत नाहीच? असे म्हणता येत नाही. एक आकडा सरासरीचा आहे, दुसरा मध्यकाचा. आणि मोजक्या मोठ्या पगारांमुळे सरासरी नेहमी वर ओढली जाते. शिवाय गेम स्टुडिओ कॅलिफोर्निया आणि सिअ‍ॅटलसारख्या महागड्या भागांत एकवटलेले आहेत, तर सरकारी आकड्यात ओहायोतला विमा कंपनीचा प्रोग्रामरही येतो. त्याच महागड्या शहरात शेजारच्या इमारतीतल्या कंपनीशी तुलना केली, की गेमवाला मागे पडतो.

त्या पाहणीतली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. क्यूए, म्हणजे टेस्टिंग करणाऱ्यांची सरासरी 54,833 डॉलर होती. डिझायनर आणि कलाकार 74,000 डॉलरच्या आसपास. ‘गेम डेव्हलपर’ या एकाच नावाखाली इतके वेगवेगळे पगार झाकले जातात. वादात दोन माणसे तावातावाने बोलत असतात तेव्हा पुष्कळदा एकाच्या डोळ्यांसमोर इंजिन लिहिणारा प्रोग्रामर असतो, तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर कंत्राटी टेस्टर.

मूळ पगारापेक्षा मोठा फरक पडतो तो शेअरमुळे. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत अनुभवी इंजिनीअरच्या एकूण पॅकेजचा मोठा हिस्सा कंपनीच्या शेअरच्या रूपाने येतो, आणि 2010 नंतरच्या दशकात ते शेअर कित्येक पटींनी वाढले. गेम कंपन्यांपैकी अनेक खाजगी मालकीच्या. ज्या बाजारात नोंदल्या आहेत त्याही खालच्या पायरीपर्यंत तितके शेअर देत नाहीत. म्हणून फ्रेशरच्या ऑफर लेटरमध्ये जी दरी लहान दिसते ती आठ-दहा वर्षांनंतर रुंद झालेली असते. दोन ऑफर समोर ठेवून ‘सीटीसीत फार फरक नाही’ म्हणणाऱ्याचे इथेच चुकते.

आणि तास. 40 तासांच्या आठवड्यासाठी ठरलेल्या पगारात 60 तास काम केले तर तासाचा दर एक तृतीयांशाने उतरतो; 2004 च्या पत्रातल्या 85 तासांच्या हिशेबाने तो निम्म्याहून खाली जातो. गेम बाहेर पडण्याआधीच्या महिन्यांतला हा अतिश्रमाचा काळ ‘क्रंच’ म्हणून ओळखला जातो. इतर सॉफ्टवेअरमध्येही रिलीजच्या आधी रात्री जागवल्या जातात. पण महिनोन् महिने क्रंच ही गेमची खास ओळख राहिली. हल्ली अनेक स्टुडिओंनी तो कमी केल्याचे सांगितले आहे. असे असले तरी सप्टेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’च्या अखेरच्या टप्प्यात सीडी प्रोजेक्टने सहा दिवसांचा आठवडा लागू केला, आणि त्यासोबत वार्षिक नफ्याचे 10 टक्के कर्मचाऱ्यांत वाटू असेही कळवले.

अपवाद ठळक आहेत. एका न्यायालयीन खटल्यातून बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार ‘स्टीम’ हे ऑनलाइन गेम-दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीत 2021 मध्ये फक्त 336 माणसे होती आणि गेम विभागातल्या 181 जणांवर सुमारे 19 कोटी 20 लाख डॉलर पगारखर्च होता, म्हणजे डोई दहा लाख डॉलरहून जास्त. रोब्लॉक्सची ऑफर मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या तोडीची असते. ज्या गेम कंपन्या स्वतःच दुकान किंवा व्यासपीठ चालवतात त्यांच्याकडे पैसा टिकतो. ज्या दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवतात त्यांच्याकडे कमी.

तफावतीची चार कारणे

पहिले स्पष्टीकरण आवडीचे. काम मनासारखे असेल तर माणूस कमी पैशात तयार होतो, हे अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच मांडले होते. अर्थशास्त्रज्ञ स्कॉट स्टर्न यांनी 2004 मध्ये जीवशास्त्रातल्या पीएचडीधारकांना आलेल्या अनेक नोकऱ्यांच्या ऑफर तपासून दाखवले, की संशोधनाची मोकळीक देणाऱ्या कंपन्या पगार कमी देतात आणि लोक ते स्वीकारतात. गेममध्ये दरवर्षी लहानपणापासून स्वप्न बाळगलेली मुले रांगेत असतात. जागा मोजक्या असतात. या मांडणीत कुणावर अन्याय नाही: कमी पगार ही आनंदाची किंमत आहे. त्यावर आक्षेप मानसशास्त्रज्ञांचा आहे. जे युन किम, आरोन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एखाद्याला कामाची ओढ आहे असे कळले की त्याला जादा, बिनपगारी काम सांगणे लोकांना अधिक रास्त वाटू लागते. म्हणजे ओढ असणाऱ्याने आपखुशीने कमी घेतले की समोरच्याने ते गृहीत धरले, हे वेगळे करणे अवघड.

दुसरे स्पष्टीकरण धंद्याच्या गणिताचे, आणि स्टुडिओ चालवणारे यावर भर देतात. बँकेला विकलेले सॉफ्टवेअर दरमहा पैसे आणते. गेमवर मात्र पाच-पाच वर्षे खर्च होतो, आणि कमाई पहिल्या काही आठवड्यांत ठरते. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीची कागदपत्रे उघडी पडली, तेव्हा ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’चा खर्च सुमारे 22 कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा 21 कोटी 20 लाख डॉलर असल्याचे कळले. यातला मोठा भाग पगारच असतो. उलट मोठ्या गेमची किंमत 2005 च्या सुमारापासून 2020 पर्यंत 60 डॉलरवरच होती; महागाई धरली तर ती पंधरा वर्षांत सुमारे पाव हिश्शाने घटली. त्यातून स्टीमसारखे दुकान साधारण 30 टक्के कापून घेते. दहा गेममागे एखादाच चालतो आणि त्याने बाकीच्यांचा तोटा भरून काढायचा असतो, तेव्हा सगळ्यांना गुगलसारखा पगार कुठून देणार, असा त्यांचा सवाल आहे. तो रास्त आहे.

तिसरे, बाहेरच्या पर्यायाचे. ऑनलाइन गेमचे सर्व्हर सांभाळणारा इंजिनीअर उद्या कुठल्याही क्लाउड कंपनीत स्विच मारू शकतो; ग्राफिक्सचा जाणकार चिप बनवणाऱ्यांकडे जाऊ शकतो. त्यांना थांबवायचे तर स्टुडिओला बाजारभाव द्यावाच लागतो. शत्रू कसा चालावा, उडी किती उंच असावी हे ठरवणाऱ्या गेमप्ले प्रोग्रामरचे किंवा डिझायनरचे कौशल्य स्टुडिओबाहेर तितके विकले जात नाही. तफावत हुद्द्यानुसार बदलते ती यामुळे.

चौथे, हिश्शाचे. गेम चालला की पैसा प्रकाशकाकडे जातो, आणि बनवणाऱ्यांचा बोनस कुठल्या तरी अटीला टांगलेला असतो. 2010 च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’साठी ऑब्सिडियन स्टुडिओला विक्रीतला हिस्सा नव्हता, समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर 85 गुण मिळाले तर बोनस, असा करार होता. गेमला 84 मिळाले. गेम भरपूर खपला, बोनस गेला. ऑब्सिडियनचे क्रिस अ‍ॅव्हलोन यांनी 2012 मध्ये हे उघड केले. दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डचे प्रमुख बॉबी कोटिक यांचा 2020 चा मोबदला साडेपंधरा कोटी डॉलरच्या घरात होता, आणि त्याच वर्षी ब्लिझर्डचे कर्मचारी आपापले पगार एका शीटमध्ये भरून एकमेकांशी ताडून पाहत होते.

चारही कारणे खरी आहेत. वाद आहे तो कुणाचे वजन किती यावर. मला पहिले कारण गरजेपेक्षा जास्त उगाळले जाते असे वाटते. त्याचे कारण कोरिया.

कोरिया आणि जपानचा अनुभव

सोलमधल्या गुरो भागात नेटमार्बल या गेम कंपनीची इमारत ‘गुरोचे दीपगृह’ म्हणून ओळखली जाई, कारण तिचे दिवे रात्रभर विझत नसत. 2016 मधल्या कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंनंतर अतिकामाची सरकारी चौकशी झाली. 2018 मध्ये 52 तासांच्या आठवड्याचा कायदा लागू होऊ लागला आणि त्याच वर्षी नेक्सॉन या दुसऱ्या गेम कंपनीत युनियन स्थापन झाली. मग आले 2021. नावेर, काकाओ, कूपांग यांसारख्या कंपन्या प्रोग्रामर ओढून नेत होत्या. 1 फेब्रुवारीला नेक्सॉनने सरसकट 80 लाख वॉनची वार्षिक वाढ आणि नव्या डेव्हलपरला 5 कोटी वॉनचा सुरुवातीचा पगार जाहीर केला. नेटमार्बलने तेवढीच वाढ दिली. महिना संपायच्या आत क्राफ्टनने डेव्हलपरना 2 कोटी वॉनची वाढ आणि सुरुवातीला 6 कोटी वॉन जाहीर केले. मार्चमध्ये एनसीसॉफ्ट 1 कोटी 30 लाख वॉनच्या वाढीसह मागोमाग आली.

या सहा आठवड्यांत कोरियन तरुणांची गेमची आवड कमी झाली नव्हती. रांगही तशीच होती. बदलले ते एवढेच, की नोकरी सोडून जायला जवळच दुसरे दार उघडले. आवडीमुळे पगार कमी असतो हे अर्धेच सांगणे आहे. आवड असूनही पगार वाढवणे भाग पडते तेव्हा तो वाढतो.

पण याची दुसरी बाजू त्याच देशात आहे. पगारखर्च फुगला, महामारीतली गेमची तेजी ओसरली, आणि 2024 मध्ये एनसीसॉफ्टला 26 वर्षांत पहिल्यांदा वार्षिक परिचालन तोटा झाला. माणसे कमी करणे ओघाने आले. क्राफ्टनने मात्र त्याच वर्षी विक्रमी नफा दाखवला. म्हणजे दहांत एखादाच गेम चालतो हा स्टुडिओ चालवणाऱ्यांचा मुद्दा पुसला गेला नाही.

जपानमध्ये वाढ शांतपणे झाली. कॅपकॉमने 2022 मध्ये मूळ पगार सरासरी 30 टक्क्यांनी वाढवले आणि 2025 पासून पदवीधरांचा सुरुवातीचा मासिक पगार 2,35,000 येनवरून 3,00,000 वर नेला. सेगानेही 2023 मध्ये 3,00,000 चा आकडा गाठला, निन्टेन्डोने मूळ पगार 10 टक्के वाढवला. तिथल्या पदवीधरांच्या सर्वसाधारण सुरुवातीपेक्षा हे पगार वर आहेत. गेमवाल्याला कमी मिळते हा जगाचा नियम नाही, हे दोन्ही देशांवरून दिसते.

अमेरिकेत वाट वेगळी निघाली. 2021 च्या अखेरीस अ‍ॅक्टिव्हिजनच्या रेव्हन सॉफ्टवेअर स्टुडिओतल्या 12 टेस्टरची कंत्राटे संपवण्यात आली, त्यातून संप आणि मे 2022 मध्ये युनियन झाली. दरम्यान अ‍ॅक्टिव्हिजनने सुमारे 1,100 टेस्टरना कायम करून तासाला किमान 20 डॉलर देऊ केले. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या झेनिमॅक्समधल्या टेस्टरनी मायक्रोसॉफ्टशी केलेल्या करारात 13.5 टक्के सरसकट वाढ मिळवली. युनियन आली ती आधी टेस्टिंगमध्ये, सर्वांत कमी पगाराच्या टोकाला.

आपल्याकडे

भारतात तुलनेचा पायाच वेगळा आहे. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरचे पॅकेज गेली दहा-बारा वर्षे वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपास अडकले आहे. म्हणून इथल्या मुलाने विचारायचे ते हे, की तुलना कुणाशी? सेवा कंपनीशी, की बेंगळुरूच्या प्रॉडक्ट कंपनीशी? पहिल्याशी केली तर गेम स्टुडिओ कमी पडेलच असे नाही. दुसऱ्याशी केली तर बहुतेकदा पडतो.

इथले काम तीन प्रकारचे. परदेशी कंपन्यांचे स्टुडिओ: गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेऊन 2008 मध्ये सुरू झालेले युबिसॉफ्टचे पुणे केंद्र, बेंगळुरूचे रॉकस्टार, हैदराबादचे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. दुसरे, स्वतःचे गेम काढणारे: पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (2020), सुपरगेमिंगचा ‘इंडस’, आणि ‘रिअल क्रिकेट’वाली नॉटिलस मोबाइल, जिचा मोठा हिस्सा 2025 मध्ये त्याच क्राफ्टनने घेतला. तिसरे, पैसे लावून खेळायच्या गेमच्या कंपन्या. ड्रीम इलेव्हन, गेम्सट्वेंटीफोरबायसेव्हन या मुंबईच्या, एमपीएल बेंगळुरूची. त्या प्रॉडक्ट स्टार्टअपच्या तोडीचे पगार देत, कारण रोख दररोज येत होती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदी घालणारा कायदा केला आणि काही दिवसांत एमपीएलने भारतातले निम्म्याहून जास्त कर्मचारी कमी केले. बंदीमागची कारणे समाजाच्या हिताची होती. पण देशातल्या गेम क्षेत्राचे सर्वांत वरचे पगार देणारा मजला तिच्यामुळे कोसळला, हे नोंदवायला हवे.

परदेशी स्टुडिओंत वरच्या जागा किती तयार होतात हा वेगळा प्रश्न. युबिसॉफ्टच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीचे नेतृत्व 2020 मध्ये पुणे-मुंबईकडे होते, 2022 मध्ये ते मॉन्ट्रियलकडे गेले. क्रिएटिव्ह डायरेक्टर, टेक्निकल डायरेक्टर या मोठ्या पगाराच्या खुर्च्या प्रकल्पाबरोबर फिरतात. आणि प्रकल्प मॉन्ट्रियलकडे का ओढले जातात याचे एक उत्तर तिथल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारने 1990 च्या दशकापासून गेम कंपन्यांच्या पगारखर्चावर दिलेली भरघोस करसवलत हे आहे. महाराष्ट्राने 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंगचे 3,268 कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले, दोन लाख रोजगारांचे उद्दिष्ट ठेवले. रोजगार मोजताना त्यांचा पगारही मोजला गेला तर या वादाला इथला पहिला भरवशाचा आकडा मिळेल.

काय अजून सुटलेले नाही

पगार उघड करण्याचे कायदे हा एक भाग. कोलोरॅडोत 2021 पासून, कॅलिफोर्निया व वॉशिंग्टनमध्ये 2023 पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावी लागते. आता एकाच शहरातल्या गेम कंपनीची आणि क्लाउड कंपनीची जाहिरात शेजारी ठेवता येते. पण त्यात शेअर आणि तास नसतात, म्हणजे जिथे दरी आहे नेमके तेच.

स्थैर्याला किंमत किती लावायची, हेही ठरलेले नाही. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातल्या 1,900 आणि गेम इंजिन बनवणाऱ्या युनिटीने सुमारे 1,800 जणांना कमी केले. फेब्रुवारीत सोनीने 900. त्या काळात गुगल-मेटाही माणसे काढतच होत्या, त्यामुळे ‘दुसरे दार’ सगळीकडेच अरुंद झाले. गेमवाल्याला यापुढे या अस्थैर्याचा तोटा भरून देणारा जादा पगार मागता येईल, की आहे ती नोकरी टिकवण्यासाठी आणखी कमीवर राहावे लागेल? अर्थशास्त्र पहिले सांगते, गेल्या दोन-तीन वर्षांचा अनुभव दुसऱ्याकडे झुकतो.

आणि एआय. टेस्टिंग, साधी चित्रे, प्राथमिक कोड ही ती पायरी आहे जिथून नवखा आत येतो. तीच कामे कंपन्या सर्वप्रथम यंत्राकडे देऊ पाहत आहेत. तसे झाले तर उरलेल्यांची सरासरी वर जाईल, आणि पाहण्यांमध्ये गेम डेव्हलपरचा पगार सुधारल्यासारखा दिसेल. खालच्या पायरीवरची माणसे त्या हिशेबात नसतील.